भाकरीखालचा कागद

आई,

परवा तुझ्यासारखं पिठलं केलं होतं, घट्ट, वरून लसणाची फोडणी दिलेलं. सोबत सात भाकऱ्या. तुझ्या जुन्या लुगड्याचं एक फडकं अजून घरात आहे, त्यात बांधून नेलं, आणि ते कुणी खाल्लं नाही. तू जाऊन तेरा वर्षं झाली. मधल्या काळात तुला सांगण्यासारखं बरंच होऊन गेलं. माझी दहावी झाली, बारावी झाली, आपल्या घरात पहिल्यांदा कुणी पदवी घेतली. पण लिहावंसं कधी वाटलं नाही. आज पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. साहेब बाहेर गेलेत, चारला येतील असं हवालदार म्हणाला. माझ्या मांडीवर माझा लेखी जबाब आहे, दोन पानं, स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता. उरलेल्या कोऱ्या पानांवर हे तुझं. समोर, रस्त्यापलीकडे, रसवंतीच्या सावलीत ती बसली आहे, जिच्यासाठी मी ते पिठलं नेलं होतं. आम्ही एकाच एसटीनं आलो, वेगवेगळ्या बाकांवर बसून.

तुला ती नक्की आठवेल. धरणाच्या कडेच्या कातकरवाडीतली, माझ्याच वर्गातली, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. शाळेत खिचडी वाढताना तू बाकीच्या पोरांना वरवर वाढायचीस, आणि तिची ताटली आली की पळी खालपर्यंत घालून ढवळायचीस, म्हणजे तळाचे वाटाणे तिच्या वाट्याला येतील. मला त्याचा राग यायचा. माझी स्वतःची आई खिचडी शिजवते आणि वाटाणे दुसरीलाच. चौथीनंतर ती शाळेत आली नाही. आता आम्ही दोघी एकाच रिसॉर्टवर कामाला आहोत, म्हणजे मी आहे, ती होती. मी रिसेप्शनला, ती खोल्या झाडायला.

मी तिसरीत आहे. खिचडीची पातेली घासून झाली की तू रोज घरी जातेस, आज गेलेली नाहीस. शाळेच्या शेडमध्ये, शाळेच्याच चुलीवर, घरून आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापायला बसली आहेस. गुरुजी दारात येऊन बघून जातात, बोलत काही नाहीत. मला वाटतं कुणीतरी वारलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेतात आणि कुणीतरी वडीलधारं माणूस पहिला घास हातात देतं, त्याला कडू घास म्हणतात, एवढं मला त्या वयातही ठाऊक आहे. मी विचारते, "कोण मेलं गं?" तू म्हणतेस, "कोन न्हाई. पर चूल पेटायची न्हाई तितं. चल."

वाडीवर सकाळी जेसीबी येऊन गेला होता. कुडाची पाच घरं होती, त्यांचा एक ढीग झाला होता, आणि त्या ढिगावर एक कोंबडी चढून बसली होती. पाण्याच्या बाजूनं तारेचं कुंपण घालायला माणसं खड्डे घेत होती. तू खाली मातीत बसलीस. सगळ्यांना वाढलंस, एकेकाच्या हातात घास दिलास. माझ्या त्या वर्गमैत्रिणीच्या आईनं घास नुसता धरून ठेवला, तेव्हा तू तिचा हात धरून तिच्या तोंडापर्यंत नेलास. ती स्वतः शाळेच्या गणवेशात एका बाजूला उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "तुमची घरं कुणी पाडली गं?" तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या पाठीत तुझा धपाटा बसला. "दुखाच्या घरी इचारायचं नसतं," तू म्हणालीस. "वाढायचं आन् गप बसायचं." निघताना तिच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "आत्ताच पिऊन आले बया," म्हणत तू उठलीस. मग शाळेच्या नळावर थांबून ओंजळीनं पाणी प्यायलीस, बराच वेळ.

हा प्रसंग मी किती जणांना सांगितला असेल. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत तुझ्यावर बोलले. अशिक्षित बाई, पण अन्याय म्हणजे मरणच हे तिला कळलं होतं, म्हणून तिनं पाडलेल्या घरांसाठी कडू घास नेला, असं मी हात उंचावून म्हणायचे. दुःखी माणसाला प्रश्न विचारू नयेत, हे सहानुभूतीचं पहिलं पाऊल मला एका धपाट्यानं शिकवलं, असंही. तांब्याचं आणि नळाचं मी गाळायचे. परीक्षक बाईंनी डोळे पुसले होते. ती ढाल अजून टीव्हीशेजारी आहे आणि दर दिवाळीला अप्पा ती पुसतात.

आता रिसॉर्टवर काय झालं ते सांगते. दोन आठवड्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या बाईंची सोन्याची साखळी सापडेना. ती खोली हिनं झाडली होती. मॅनेजरनं हिला रिसेप्शनच्या मागच्या, चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत ती आत होती. मधे दोन बायका पाठवून तिच्या अंगावरचे कपडे तपासले. साखळी मिळाली नाही, तर तिला भिंतीशी उभी करून फोटो काढला आणि आसपासच्या सगळ्या रिसॉर्टवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हिला कामावर घेऊ नये. तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला, तो मीच उचलला. साखळी त्यांच्या मुलाच्या पोहण्याच्या पिशवीत, ओल्या चड्डीत गुंडाळलेली सापडली होती. "सॉरी हां, तुम्हाला उगाच त्रास," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या.

मी धावत मॅनेजरकडे गेले. सर, साखळी सापडली, तो फोटो काढून टाका. तो शांतपणे म्हणाला, "काढू ना. त्याआधी एक कागद लागेल. तिनं स्वतःहून काम सोडलं, तिची काही तक्रार नाही, एवढंच. तुमचं मराठी छान आहे मॅडम, तुम्हीच ड्राफ्ट करा. खाली साक्षीदार म्हणून सहीपण तुमचीच असू द्या. तुमच्या गावची आहे ती, तुमचं ऐकेल." आई, मी तो कागद लिहिला. एकदा नाही, तीनदा लिहिला, दर वेळी शब्द थोडे मऊ करत. चोरी हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. कोंडून ठेवल्याला "गैरसमजातून घडलेला प्रकार" म्हटलं. लिहून झाल्यावर वाचून बघितला आणि मला समाधान वाटलं, हे लपवत नाही. मला खरंच वाटत होतं की मी तिचं भलं करते आहे. कागद गेला की फोटो जाईल, फोटो गेला की दुसरीकडे काम मिळेल. साक्षीदार म्हणून सही केली. मग तिच्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं असं मनात आलं आणि तू आठवलीस. पिठलं टाकलं. कागदाला तेल लागू नये म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि भाकऱ्यांच्या खाली ठेवला.

वाडी आता रस्त्याच्या वरच्या अंगाला गेली आहे, आठ-दहा पत्र्याची घरं. जिथून उठवलं तिथं इतक्या वर्षांत कुणी काहीच बांधलेलं नाही. कुंपण आहे, पाटी आहे आणि गवत आहे. ती दारात बसून मासे धरायच्या जाळ्याचा गुंता सोडवत होती. "ये रिसेप्शन," म्हणाली. कामावर ती मला हीच हाक मारायची, तेव्हा हसून मारायची. मी खाली बसून फडक्याची गाठ सोडायला लागले.

"काय हाय?"

"पिठलं-भाकरी आणलीय."

"कोन मेलं?"

मी गाठ सोडत राहिले. ती फडक्याकडे बघत होती. "तुजी आय बी आशीच आली व्हती, फडक्यात बांधून," ती म्हणाली. "भाकरीखालती काय हाय?"

"कुठं काय?"

"कोपरा दिसतूया की. काड."

मी कागद काढला. ती म्हणाली, वाच. मी म्हटलं, तुला येतं की वाचायला. "यितं. पर तू लिवलंस, तूच वाच. मोठ्यानं वाच, आय बी ऐकू दे." आत तिची आई बसली होती, आता पार म्हातारी झालेली. मी वाचायला लागले. कॉलेजच्या स्टेजवर माझा आवाज कधी हलला नव्हता, तो दुसऱ्या ओळीलाच बसला. माझी कोणतीही तक्रार नाही, या वाक्यापाशी तिनं मला थांबवलं. "माजी न्हाई? मंग कुनाची हाय?" आतून म्हातारी हसली, तोंडातल्या तोंडात.

"खाली सही केलीस?"

"केली. तुझा फोटो निघावा म्हणून केली गं."

"तुज्या बापानं बी केली व्हती."

मला कळेना ती कशाबद्दल बोलते आहे. तिनं हातातलं जाळं खाली ठेवलं. "घरं पाडली त्या येळंला. पंचनाम्याव. हितं मान्सं ऱ्हात न्हाईत, जनावरांची छपरं हायेत, आसं लिवल्यालं. गावात सही येनारी किती, तुजा बाप पयला. तू मला इचारलंवतंस ना, कुनी पाडलं म्हून? मी सांगनारच व्हते. तवर तुज्या आयनं तुला हानलं."

मग ती म्हणाली, "भाकर आमी खाल्ली. भुका लागल्यावत्या."

मी तिथून उठायला हवं होतं, पण बसूनच राहिले. ती सावकाश बोलत होती, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "मला कागद नको आन् भाकर बी नको. सगळ्या रिसॉर्टात माजं थोबाड फिरतंय, कुनी उंबऱ्यात उभं करंना. दार कुनी लावलं ते तू बघितलंस. चौकीत यिऊन येवडंच सांग. मी दार बडवत व्हते आतनं. तुला ऐकू आलं आसंल की."

"बासरी चालू होती," मी म्हणाले. रिसेप्शनवर दिवसभर बासरीचं संगीत लावलेलं असतं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. पाण्याचा तांब्या या वेळी कुणी पुढे केला नाही. फडकं बांधून मी परत आले आणि भाकऱ्या म्हशीपुढं टाकल्या.

अप्पा ओट्यावर लसूण सोलत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं, निदान आधी थोडं तरी. "केली," ते म्हणाले. "वाचून कुनी दावलं न्हाई. हितं कर म्हनले, केली. सरपंच, बिल्डरची मान्सं, सगळी उभी, आन् मला बोलावनं. सही येती म्हून बोलावलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू." मी म्हटलं, आईला ठाऊक होतं? त्यांनी लसणाची पाकळी टोपलीत टाकली. "तिला ठाऊक नसंल व्हय! आट दिस माजं ताट वाढलं न्हाई तिनं. हातानं घ्यायचो. पर बोलनार कुनाला? शाळंच्या कमिटीत तीच मान्सं. खिचडी गेली आस्ती हातातनं. मंग तुजी शाळा?" मग त्यांनी विचारलं, मी काय करणार आहे. मी म्हटलं, चौकीत जबाब देणार. नोकरी जाईल, म्हणाले. जाऊ दे म्हटलं. सोललेल्या पाकळ्या बोटानं इकडच्या तिकडं करत ते म्हणाले, "आपल्या घरात सही कुनाला यायलाच नको व्हती."

म्हणून तुला विचारते आहे, आणि तू उत्तर देणार नाहीस हे माहीत असल्यामुळे मोकळेपणानं विचारते आहे. तो धपाटा कुणाला होता? मारलंस मला, पण गप्प बसवलंस तिला. नऊ वर्षांच्या मुलीनं नुसतं तोंड उघडलं होतं आणि त्यातून आपल्या घराचं नाव बाहेर पडणार होतं. त्या धपाट्याला मी सहानुभूतीचं पहिलं पाऊल म्हणत आले. त्याच्यावर टाळ्या घेतल्या. तू त्या पाच घरांना एक दुपारचं जेवण दिलंस आणि त्यांच्या तोंडचा एक शब्द काढून घेतलास, आणि गावानं तुला मायाळू म्हटलं. एकदा तरी मोठ्यानं म्हणायचंस, की हितं मान्सं ऱ्हातात, मी त्यांच्या पोरीला रोज खिचडी वाढते. शाळेच्या हजेरीत तिचं नाव होतं, आई. जनावरांच्या छपरातली पोर शाळेच्या हजेरीत कशी, एवढं कुणी विचारलं असतं तर पुरलं असतं. ते तू विचारलं नाहीस, गुरुजींनीही विचारलं नाही. ते भाकऱ्या बघून दारातून परत गेले.

मला तुझा राग येतो, आणि मग ते आठ दिवस आठवतात, अप्पांच्या ताटाचे. मी तेव्हा बघितलं असणार ते, पण अप्पा स्वतःच्या हातानं वाढून घेताहेत यात मुलीला काय वेगळं दिसणार. म्हणजे ठाऊक सगळं होतं तुला. शिक्षा तू घरातल्या घरात केलीस, जिथं ती कुणाच्याच कामाची नव्हती. आणि तरी त्या दिवशी सगळ्या गावातून वाडीवर गेलेली तू एकटीच होतीस, हेही खरं. "भाकर आमी खाल्ली," असं ती म्हणाली तेव्हा ती तुझ्यावर रागावून म्हणाली की आणखी कसं, मला ठरवता आलेलं नाही. येताना एसटीत तिला विचारावं असं वाटलं. विचारलं नाही. तुझी सवय लागली आहे.

दुपारी आलो तेव्हा हवालदारानं आम्हाला आधी समजावून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. "साखळी घावली ना? मग आता राहिलं काय?" ती पटकन म्हणाली, "साखळी घावली. मी ऱ्हायले की." त्याला हसू आलं, मग ते त्यानं आवरलं आणि साहेब चारला येतील, बसा म्हणाला. दाराबाहेर एकच बाक होता. मी सरकून जागा केली, तर ती रस्ता ओलांडून रसवंतीकडे गेली. तिनं पाण्याची बाटली घरून आणली आहे. मीही आणली आहे.

जबाब मी चांगला लिहिला आहे. कडी कुणी घातली, किती वाजता, कुणी काढली, फोटो कुणी काढला, साखळी सापडल्याचा फोन कुणी घेतला, सगळं क्रमानं. तो माझ्या सहीचा कागदही फाडला नाही, जबाबाला जोडला आहे. मॅनेजरला अजून ठाऊक नाही, उद्या कळेल. उद्यापासून मला रिसेप्शन नाही हेही मी मनाशी धरलं आहे, आणि त्याचं मला फारसं काही वाटत नाही. बी.ए. झालेल्या मुलीला कुठेतरी काम मिळतं. जबाबात एका ठिकाणी असं आहे: "रिसेप्शनवर संगीत चालू असल्यामुळे आतील आवाज मला स्पष्ट ऐकू आला नाही." वाक्य बरोबर आहे, कुणी चूक काढणार नाही. साहेबांची गाडी आत्ता फाटकातून आली. ती रस्ता ओलांडून येते आहे.

आई, बासरी हळू होती. तिनं दार बडवायला सुरुवात केली तेव्हा समोर एक कुटुंब खोलीची चावी घ्यायला उभं होतं. त्यांच्यातले आजोबा म्हणाले, हा कसला आवाज येतोय? मी म्हणाले, मागे काम चालू आहे. आणि हात लांब करून बासरीचा आवाज मोठा केला. हे जबाबात अजून नाही. माझा हात हे लिहितो का, ते आधी इथं लिहून पाहिलं.